हिमोग्लोबिन हलताना दाखवायचं आहे: कायमेरा-एक्समधल्या कामाच्या नोंदी

४ मे २०२५

काम असं आहे: बारावीच्या मुलांसाठी चारेक मिनिटांची मराठी चित्रफीत करायची. ऑक्सिजन धरताना आणि सोडताना हिमोग्लोबिनचा रेणू कसा हलतो, आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात त्यात नेमकं काय बिघडतं, हे दोन मुद्दे. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात राहतो. इथल्या वर्गात घरी सिकलसेलचा पेशंट असलेली मुलं बसलेली असतात. विळ्यासारख्या वाकड्या पेशीचं चित्र त्यांनी दवाखान्यातल्या पोस्टरवर पाहिलेलं असतं. पेशी तशी का होते, हे मात्र त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. ते रेणूच्या पातळीवरच दाखवावं लागतं, आणि नीट दाखवलं तर बारावीच्या मुलाला सहज कळतं असा माझा विश्वास आहे.

कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या मॅडमकडे या विषयाच्या जुन्या स्लाइड होत्या. त्यांत हिमोग्लोबिनच्या चार प्रथिन-साखळ्या चार बाजूंनी उडत येतात, हीम (लोह असलेला, ऑक्सिजन धरणारा भाग) गरगर फिरत अवतरतं, ऑक्सिजन उसळी मारून जागेवर बसतो. मुलं टक लावून बघतात, पण यातला रेणू कुठे हलतो आणि नुसता स्लाइडचा इफेक्ट कुठे आहे, हे त्यांना वेगळं करता येत नाही. फुप्फुसात गेल्यावर चार साखळ्या एकत्र येतात आणि हिमोग्लोबिन तयार होतं, असं उत्तर काहींनी पेपरात लिहिल्याचं मॅडमनी सांगितलं. म्हणून पहिला नियम आजच ठरवून टाकला: पडद्यावर जे हलेल त्याला अर्थ हवा, आणि एका प्रकारच्या हालचालीला एकच अर्थ.

सामान: दोन वर्षं जुना लॅपटॉप, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रेणूंच्या रचना दाखवणारं सॉफ्टवेअर कायमेरा-एक्स, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान फ्रान्सिस्को शाखेतलं, शिक्षणासाठी फुकट. चित्रफीत जोडायला एफएफएमपेग, तेही फुकट. रचना प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या साठ्यातून: ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन २एचएचबी (१.७४ अँगस्ट्रॉम), ऑक्सिजन धरलेलं १एचएचओ (२.१ अँगस्ट्रॉम), सिकलसेलचं २एचबीएस (२.०५ अँगस्ट्रॉम). कंसात रचना किती बारीक दिसते ते; अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. खाली आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

६ मे

१एचएचओ उघडली तर पडद्यावर अर्धाच रेणू. एक अल्फा साखळी, एक बीटा साखळी, बस. फाइल खराब उतरली असेल म्हणून पुन्हा उतरवली, तरी तेच. फाइल बरोबरच आहे. स्फटिकात रेणूचे दोन अर्धे भाग सममितीने एकसारखे असल्यामुळे फाइलमध्ये एकच अर्धा दिलेला असतो. उरलेला आपण काढून घ्यायचा असतो. २एचएचबीमध्ये चारही साखळ्या आहेत, त्यामुळे ही अडचण आधी लक्षात येत नाही.

उपाय: 'सिम' आज्ञेने असेम्ब्ली १ (पूर्ण रेणूची मांडणी) मागायची आणि खऱ्या प्रती करायला सांगायचं. मग 'कम्बाइन' करून एकच मॉडेल करायचं आणि 'चेंजचेन्स'ने दुसऱ्या अर्ध्याची नावं सी, डी करायची. नावं बदलली नाहीत तर पुढे मॉर्फ करताना, म्हणजे एका रचनेतून हळूहळू दुसरीत जाताना, कुठली साखळी कुठल्या साखळीशी जोडायची याचा घोळ होतो. पाण्याचे रेणू दोन्हींतून याच पायरीला काढून टाका.

९ मे

आज पहिला मॉर्फ. मॉर्फ म्हणजे दोन रचना द्यायच्या आणि मधल्या पायऱ्या संगणकाकडून भरून घ्यायच्या. १०० फ्रेमचा केला. चालला, पण बघून काहीच कळेना. सगळा रेणू नुसता वळवळत होता. प्रत्येक हेलिक्स (साखळीचा मळसूत्री भाग) थोडी थोडी हलते, कुठली हालचाल महत्त्वाची ते दिसत नाही.

कारण दोन रचना एकमेकींवर बसवण्यात होतं. मी चारही साखळ्या एकदम बसवल्या होत्या. तसं केलं की गणित फरक सगळीकडे सारखा वाटून टाकतं. हिमोग्लोबिनमध्ये मुख्य बदल असा आहे की एक अल्फा-बीटा जोडी दुसऱ्या जोडीच्या मानाने सुमारे १५ अंश वळते. जोडीच्या आतले बदल त्या मानाने लहान. तेव्हा बसवताना एकच जोडी धरायची: ए आणि बी साखळ्यांचे सीए अणू (प्रत्येक अमिनो आम्लातला कण्याचा एक कार्बन), १४१ आणि १४६ मिळून २८७, 'अलाइन' आज्ञेला द्यायचे. बाकी अर्धा मोकळा सोडायचा.

लगेच फरक पडला. खालची जोडी जवळजवळ स्थिर, वरची तिच्यावर वळते. मॅडमनी बघितल्याबरोबर जात्याची आठवण काढली: खालची तळी पक्की, वरची फिरते.

इथे एक तपासणी करून घ्या. बसवल्यावर प्रोग्रॅम आरएमएसडीचा, म्हणजे जुळवलेल्या अणूंमध्ये सरासरी किती अंतर उरलं त्याचा, आकडा देतो. तो मोठा आला तर तुम्ही एका रेणूतली घट्ट जोडी आणि दुसऱ्यातली सैल जोडी एकमेकींवर बसवली आहे. नावं अदलाबदल करून पुन्हा करा.

मधल्या फ्रेम कशा भरायच्या याच्या वेगवेगळ्या पद्धती मिळतात. त्यांत वेळ घालवू नका. मोठ्या वळणात अणू सरळ रेषेने नेले तर रेणू मध्यावर आकसतो, पण १५ अंशांच्या वळणात तो फरक एक टक्क्याहून कमी आहे, डोळ्यांना दिसत नाही. जी पद्धत आपोआप निवडलेली असते तीच राहू द्या.

या मधल्या अवस्था कुणी मोजलेल्या नाहीत. यातली सुरुवात आणि शेवट एवढंच क्ष-किरणांनी पाहिलेलं आहे. म्हणून मॉर्फ चालू असताना खाली एक ओळ ठेवायचं ठरलं: 'मधल्या पायऱ्या संगणकाने भरल्या आहेत'. मॅडमना वाटलं मुलं गोंधळतील. मला ती ओळ हवीच आहे. विज्ञानाच्या वर्गात पाहिलेलं आणि भरलेलं वेगळं दिसायला पाहिजे.

१२ मे

सुट्टीला आलेली भाची शेजारी बसली होती. अकरावी झालेली, म्हणजे आमचा प्रेक्षकच. पहिला शॉट दाखवला. तिने विचारलं, "मामा, हे फिरून राह्यलं का आपण फिरून राह्यलो?"

प्रश्न बरोबर होता. रेणू सगळ्या बाजूंनी दिसावा म्हणून मी आधी 'टर्न' दिलं होतं आणि मग मॉर्फ चालवायला 'कोऑर्डसेट'. पण दोन्हींच्या मध्ये 'वेट' लिहिलं नव्हतं. कायमेरा-एक्समध्ये फ्रेमवर चालणारी आज्ञा संपायच्या आत पुढची सुरू होते. ९० फ्रेमचं 'टर्न' असेल तर त्याखाली 'वेट ९०' हवंच, नाहीतर दोन्ही एकमेकांवर चढतात. माझ्या शॉटमध्ये कॅमेरा ९० अंश फिरत होता आणि त्यातच रेणू १५ अंश वळत होता. मोठ्या फिरण्यात लहान वळण बुडून गेलं.

'वेट' घातल्यावर शॉट सुधारला, पण खरा फायदा नियमाचा झाला. आता पक्कं: कॅमेरा हलतो तेव्हा रेणू गोठलेला, रेणू हलतो तेव्हा कॅमेरा गोठलेला. दोन्हींच्या मध्ये निदान एक सेकंद पूर्ण स्थिर. ते एक सेकंद शांत राहिलं की बघणाऱ्याला कळतं, आता वेगळं काही सुरू होतंय.

पूर्ण ३६० अंश फिरवणंही काढून टाकलं. अर्धा वेळ रेणूची पाठ दिसते आणि मुलं कुठला भाग कुठे होता ते विसरतात. खोली दाखवायला 'रॉक' पुरतं: डावीकडे-उजवीकडे वीसेक अंश झुलवायचं. पुढचं जास्त सरकतं, मागचं कमी, तेवढ्यावर डोळा खोली ओळखतो. मॉर्फ सुरू व्हायच्या आधी 'रॉक' थांबवायचं.

१५ मे

वळण कुठून बघायचं हा प्रश्न. समोरून पाहिलं तर वरची जोडी नुसती बाजूला सरकल्यासारखी वाटते. कुठलंही वळण हे वळण म्हणून दिसायचं तर त्याच्या अक्षावरून बघावं लागतं. 'मेझर रोटेशन' आज्ञा दोन मॉडेलांमधला अक्ष काढून तिथे दांडी दाखवते आणि कोनही लिहून देते. ती मॉडेलांवर चालते, साखळ्यांवर नाही. म्हणून फिरणाऱ्या जोडीची वेगळी प्रत करून वापरली. दांडी आपल्याकडे टोक करून येईल असा कॅमेरा लावला आणि ती जागा 'व्ह्यू नेम' देऊन जतन केली. जागा जतन करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. हाताने कॅमेरा फिरवून तोच कोन परत मिळवणं अशक्य आहे.

मधली पोकळी याच कोनातून छान दिसते: ऑक्सिजन नसताना रुंद, असताना अरुंद. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण पुढे उपयोगी पडेल.

१९ मे

आजचा दिवस लोहाचा. १९७० मध्ये मॅक्स पेरुत्झ यांनी मांडलेली साखळी अशी: ऑक्सिजन नसताना हीममधलं लोह हीमच्या पातळीबाहेर सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम असतं. ऑक्सिजन बसला की ते पातळीत येतं. येताना त्याला धरून असलेलं हिस्टिडीन हे साखळीतलं अमिनो आम्ल ओढलं जातं, हिस्टिडीनबरोबर एफ हेलिक्स, आणि ती ओढ दोन जोड्यांमधल्या सांध्यापर्यंत पोचते. एवढीशी हालचाल आणि तिचा परिणाम अख्ख्या रेणूवर, हाच या सगळ्या चित्रफितीचा कणा.

अडचण पिक्सेलची. अख्खा रेणू साधारण ६५ अँगस्ट्रॉमचा. पडद्यावर त्याला १००० पिक्सेल दिले तर एका अँगस्ट्रॉमला १५, म्हणजे लोहाचं हलणं ६ पिक्सेल. मागच्या बाकावरून कुणाला दिसणार नाही. जवळ जाऊन १५ अँगस्ट्रॉमचाच भाग पडदाभर घेतला तर तेच हलणं २६-२७ पिक्सेल होतं. ते दिसतं, पण जेमतेम.

हालचाल दुप्पट-तिप्पट करून दाखवायचा मोह झाला. कायमेरा-एक्समध्ये जमलंही असतं. पण मग लोह आणि नायट्रोजनमधलं अंतर खोटं होतं आणि रेणूत जे शक्य नाही ते आपण वर्गात दाखवतो. ते नको. त्याऐवजी डोळ्याला एक स्थिर रेघ दिली. हीमच्या चार नायट्रोजनांतून ('एनए, एनबी, एनसी, एनडी') 'डिफाइन प्लेन'ने पातळ चकती काढली आणि ती बरोबर कडेवरून दिसेल असा कॅमेरा लावला. चकती रेघेसारखी दिसते. लोह आधी रेघेच्या एका बाजूला, मग रेघेवर. आता २६ पिक्सेल भरपूर झाले. शेजारी न हलणारं काही असेल तरच लहान हालचाल दिसते, हे प्रत्येक रेणूला लागू आहे.

पातळी काढताना त्यात लोह धरू नका आणि हीमच्या बाहेरच्या शेपट्याही धरू नका. मी पहिल्यांदा अख्खं हीम दिलं, तेव्हा पातळी स्वतःच लोहाकडे कलली आणि फरक कमी दिसला.

आत कसं जायचं? थेट कट केला तर भाची म्हणाली, हे कुठलं चित्र आहे? म्हणून आधी बाकीच्या तीन साखळ्या हळूहळू पारदर्शक केल्या, मग कॅमेरा चार सेकंदांत आत नेला. उलट केलं, म्हणजे आधी झूम आणि मग पारदर्शक, तर कॅमेरा हेलिक्सच्या आरपार घुसतो आणि पडदाभर रंगांचे पट्टे येतात.

मॉर्फमध्ये आणखी एक खाच आहे. दोन्ही रचनांत समान असलेलेच अणू मॉर्फमध्ये राहतात. ऑक्सिजन फक्त १एचएचओमध्ये आहे, त्यामुळे तो गायब होतो. ज्या रेणूसाठी सगळा खटाटोप, तोच नाही! १एचएचओची वेगळी प्रत ठेवून तिच्यातला फक्त ऑक्सिजन दाखवला. आधी 'क्रॉसफेड ३०' देऊन तो उमटवायचा, मग मॉर्फ चालवायचा. उडत येणारा ऑक्सिजन मुद्दाम ठेवला नाही, कारण तो कुठल्या वाटेने आत शिरतो हे आपण या चित्रफितीत सांगत नाही. उमटणं म्हणजे 'आता इथे आहे', एवढाच अर्थ.

२३ मे

रंग आणि उजेड, थोडक्यात. घरी काळ्या पडद्यावर सुंदर दिसणारं सगळं कॉलेजच्या प्रोजेक्टरवर मेलं. खोलीला पडदे नाहीत, उन्हाळ्याचा उजेड, काळा रंग राखाडी होतो. पार्श्वभूमी पांढरी केली आणि 'सिल्हुएट' चालू करून कडांना काळी रेघ दिली.

लाल रंगावर तीन दावेदार होते: ऑक्सिजन, हीम आणि मी दिलेली बीटा साखळी. आता लाल फक्त ऑक्सिजनला. हीम गडद राखाडी, लोह नारिंगी-तपकिरी, अल्फा निळी, बीटा पिवळसर. निळा-पिवळा अशासाठी की लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या मुलांनाही साखळ्या वेगळ्या कळाव्यात.

'लाइटिंग फुल' वापरू नका. सावली रेणूवरून सरकते आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी काळं आत जातंय. 'सॉफ्ट' ठीक आहे.

२८ मे

रेंडर (एकेक फ्रेम काढून साठवणं) चालू असताना दुपारी वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच दमलेली, बंद पडला. सगळ्या फ्रेम तात्पुरत्या फोल्डरमध्ये होत्या, चित्रफीत जोडलेली नव्हती, त्यामुळे रात्रभराचं काम वाया गेलं.

आता 'मूव्ही रेकॉर्ड' देताना डिरेक्टरी स्वतः सांगतो आणि फ्रेम पीएनजीत ठेवतो. शिवाय एक लांब स्क्रिप्ट मोडून प्रत्येक शॉटची वेगळी केली. एक शॉट बिघडला तर तेवढाच पुन्हा.

रेंडर मुळात इतकं लांबत का होतं, तर मी 'सुपरसँपल ३' ठेवलं होतं. म्हणजे प्रत्येक फ्रेम नऊपट पिक्सेलांनी काढायची आणि मग लहान करायची. कडा गुळगुळीत येतात, पण तपासणीसाठी त्याची गरज नाही. तपासणी १२८० बाय ७२० आणि सुपरसँपलशिवाय; शेवटची प्रत तेवढी पूर्ण. रॅम १६ जीबी केली, २,४०० रुपये गेले. खरं सांगायचं तर रेंडरचा वेग त्याने फार वाढला नाही. दोन मॉडेलं आणि पृष्ठभाग एकत्र उघडे असताना प्रोग्रॅम अडकायचा तो थांबला. आमच्याकडच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून आपणच मंद होतो, म्हणून रेंडर रात्री लावायचं.

३ जून

निवेदन रेकॉर्ड केलं आणि सगळे शॉट आखूड पडले. लोहाचा मॉर्फ १०० फ्रेमचा, २५ च्या गतीने चार सेकंद. 'ऑक्सिजन बसताच लोह हीमच्या पातळीत येतं आणि हिस्टिडीनला ओढतं' एवढं सावकाश बोलायलाच सहा-सात सेकंद लागतात.

जो कुणी हे करेल त्याने आवाज आधी रेकॉर्ड करावा. मग प्रत्येक वाक्याचे सेकंद मोजावेत, त्याला २५ ने गुणावं, तेवढ्या फ्रेम. चित्र वाक्याच्या क्रियापदापाशी हललं पाहिजे. 'ओढतं' हा शब्द येताना हिस्टिडीन हललेलं असेल तर कान आणि डोळा एकच गोष्ट सांगतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हालचाल वाक्याच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवायची. आधी नावं ऐकू येतात तेव्हा त्या त्या भागाला फक्त उजळवायचं.

कॉलरला लावायचा माइक ८५० रुपये. पंखा बंद करून पहाटे रेकॉर्ड केलं.

१० जून

सिकलसेलचा भाग. इथे सगळ्यात मोठी दुरुस्ती करावी लागली, म्हणून सविस्तर लिहितो.

बीटा साखळीत सहाव्या जागी नेहमी ग्लुटामिक आम्ल हे अमिनो आम्ल असतं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलीन येतं. जनुकात जीएजीचं जीटीजी झालेलं असतं, एका अक्षराचा फरक. मी तो असा दाखवला होता: ग्लुटामिक आम्लाची शेपटी हळूहळू वितळते आणि तिच्या जागी व्हॅलीन तयार होतं. दोन सेकंदांचा मॉर्फ. दिसायला फार चांगला झाला होता, मॅडमनाही आवडला.

उन्हाळी शिबिरातल्या काही मुलांना दाखवला. एका मुलीने विचारलं, "सर, मग औषध घेतलं तर ते परत पहिल्यासारखं होते का?" दुसऱ्याने विचारलं, हे कोणत्या वयात बदलतं?

दोन्ही प्रश्न आमच्या इफेक्टमधून आले होते. त्याआधी मुलांनी मिनिटभर मॉर्फ पाहिला होता आणि शिकली होती की वितळत बदलणं म्हणजे रेणू खरोखर हलतो. मग आम्ही तोच इफेक्ट वापरून सांगितलं की एक अमिनो आम्ल दुसरं होतं. त्यांनी तो खरा मानला. शरीरात ग्लुटामिक आम्लाचं व्हॅलीन कधीच होत नाही. ज्याला सिकलसेल आहे त्याच्या बीटा साखळ्या जन्मापासून व्हॅलीन घेऊनच बांधल्या जातात, कारण आईवडिलांकडून आलेली सूचनाच तशी आहे. जिच्या घरी रोज गोळ्या चालतात त्या मुलीच्या मनात चुकीची आशा किंवा चुकीची भीती घालणं, दोन्ही वाईट.

मॉर्फ काढून टाकला. आता दोन रेणू शेजारी शेजारी, स्थिर. डावीकडे नेहमीचा, उजवीकडे सिकलसेलचा. दोन्हींत सहावी जागा उजळते, बाकी सगळं फिकं होतं, मग दोन्ही कॅमेरे एकत्र आत जातात. हालचाल काहीच नाही. निवेदन: 'हा एका माणसाचा रेणू, हा दुसऱ्या माणसाचा. दोन्ही बांधले गेले तेव्हापासून असेच.' तीच मुलं दोन दिवसांनी आली तेव्हा हा शॉट दाखवला. या वेळी प्रश्न आला तो आईकडून येतं का बाबांकडून, असा. तो प्रश्न हवाच होता.

यातून नियमांची यादी पूर्ण झाली. मॉर्फ: रेणू खरोखर आकार बदलतो तेव्हाच. उमटणं आणि फिकं होणं: कुठे बघायचं ते सांगण्यासाठी. कॅमेऱ्याचं हलणं: आपण जागा बदलतो तेव्हा. शेजारी ठेवणं: तुलनेसाठी. पाचवा इफेक्ट नाही.

२१ जून

व्हॅलीन चिकटतं तो शॉट. ऑक्सिजन सोडल्यानंतरच्या आकारात बीटा साखळीवर एक खळगा उघडा असतो, फेनिलअ‍ॅलानीन ८५ आणि ल्युसीन ८८ यांच्यापाशी. शेजारच्या रेणूचं व्हॅलीन त्यात बसतं, मग त्याला पुढचा रेणू, असे धागे तयार होतात. पूर्ण दोरखंडात १४ धागे असतात. तो ताठ दोरखंड पेशीला विळ्यासारखा आकार देतो. ऑक्सिजन धरलेल्या आकारात रेणू असे जुळत नाहीत. म्हणूनच पहिला अर्धा भाग आधी दाखवणं गरजेचं होतं: जात्याची तळी परत वळली तरच ही जागा जुळते. पहिल्या भागातला मॉर्फ इथे उलटा चालवला, तोच कोन, तेच रंग, आणि मग सिकलसेलचा रेणू.

२एचबीएसमध्ये दोन पूर्ण रेणू, आठ साखळ्या आहेत. प्रत्येक सहावं व्हॅलीन खळग्यात बसलेलं नसतं. नुसतं बघून शोधत बसू नका. सगळी सहावी व्हॅलीन निवडा आणि ५ अँगस्ट्रॉमच्या आत दुसऱ्या रेणूतलं फेनिलअ‍ॅलानीन ८५ येतं का ते विचारा, शेजारच्या सममित प्रतीही धरून. येतं तोच सांधा घ्यायचा.

खळगा दाखवायला पृष्ठभाग लागतो. साखळी फितीसारखी दाखवणाऱ्या रिबनमध्ये खळगा दिसतच नाही. पृष्ठभाग फक्त खळग्याच्या बाजूच्या रेणूला दिला, व्हॅलीन गोळ्यांनी दाखवलं. दोन्हींना पृष्ठभाग दिला तर दोन ढगांत काय कुठे बसलंय ते दिसत नाही.

व्हॅलीन लांबून येऊन बसताना मुळात दाखवलं होतं, ते काढलं. आधी फक्त खळगा, मग व्हॅलीनसह. उमटवून.

२९ जून

मराठी अक्षरं. एफएफएमपेगच्या 'ड्रॉटेक्स्ट'ने नावं टाकली तर माझ्या संगणकावर जोडाक्षरं फुटली आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली. 'हिस्टिडीन' वाचता येईना. उपाय सोपा निघाला: नावं एएसएस जातीच्या उपशीर्षक फाइलमध्ये लिहायची आणि 'सबटायटल्स' फिल्टरने चित्रात छापायची. तो फिल्टर देवनागरी बरोबर जोडतो. जागा, आकार, उमटणं, सगळं त्याच फाइलमधून सांगता येतं. फाँट नोटो सॅन्स देवनागरी, जाड. नाव कधीही हलणाऱ्या भागावर चिकटवू नका. एका बाजूला स्थिर ठेवा आणि बारीक रेघ ओढा. आणि एका वेळी पडद्यावर दोनच नावं.

१२ जुलै

कॉलेजच्या संगणकावर आवाज आला, चित्र नाही. घरी व्यवस्थित चालत होतं. पीएनजी फ्रेमवरून एच.२६४ प्रकारची चित्रफीत बनवताना एफएफएमपेग रंगाचा जो प्रकार आपोआप घेतं तो बरेच जुने प्लेअर आणि स्लाइडची सॉफ्टवेअर वाचत नाहीत. आज्ञेत रंगाचा प्रकार 'वाययूव्ही४२०पी' असा स्पष्ट लिहायचा, आणि चित्राची रुंदी-उंची सम आकड्यात ठेवायची. फाइल पुन्हा जोडायला दहा मिनिटं लागली, पण तास तेवढ्यात संपला. प्रयोग वर्गात लावायच्या आदल्या दिवशी त्याच संगणकावर चालवून बघा.

१९ जुलै

आज वर्गात पूर्ण दाखवली. मॅडमनी मध्येच थांबवून मुलांना विचारलं, आता काय हलतंय? बहुतेकांनी बरोबर सांगितलं. लोहाच्या शॉटला मागच्या बाकावरून 'रेघेवर आलं' असा आवाज आला. पोकळी अरुंद होते हेही एका मुलाने आपणहून पाहिलं.

जे जमलं नाही ते असं: पृष्ठभागाचा शॉट अजून घाईचा वाटतो, खळगा ओळखायच्या आत व्हॅलीन उमटतं. तिथे आणखी ५० फ्रेम स्थिर द्यायच्या आहेत. १४ धाग्यांचा दोरखंड आम्ही दाखवला नाही, फक्त निवेदनात सांगितला. मुलांना तो कळला नाही. त्यासाठी प्रत्येक रेणू साधा गोळा करून मांडावा लागेल, कारण साडेचार हजारांच्या आसपास अणूंचा एक रेणू आणि असे शेकडो, हे या लॅपटॉपला झेपणार नाही.

मोबाइलवर पाठवायची ७२० उंचीची प्रत वेगळी केली आहे. त्यात पातळ रेघा लुकलुकतात, म्हणून हीमची चकती आणि नावांच्या रेघा दुप्पट जाड कराव्या लागल्या.

पोकळीबद्दल विचारणाऱ्या मुलाला मॅडमनी २,३-बीपीजीबद्दल सांगितलं: ऑक्सिजन नसताना तो रेणू त्याच पोकळीत बसतो आणि हिमोग्लोबिनला त्या आकारात धरून ठेवतो. त्याची रचना १बी८६ या नावाने डेटा बँकेत आहे. ती उतरवून ठेवली आहे. साखळ्यांची नावं जुळवली, पाणी काढलं, आणि १५ मेला जतन केलेल्या कोनातच उघडली.